एक्सेप्शन आले खरे, पण कशासाठी?

रकमेचा रकाना तपासणारी एक टेस्ट घ्या. नियम सोपा आहे: रक्कम ऋण असेल तर 'इललीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन' यायला हवे. टेस्ट लिहिणाऱ्याने मजकूर दिला '-५००/-'. आपल्याकडे पावतीवर आकडा लिहिला की पुढे ती तिरकी आणि आडवी रेघ हाताच्या सवयीने येतेच. टेस्ट चालवली, हिरवी झाली, कोड मर्ज झाला. ऋण रकमेची तपासणी मात्र त्या टेस्टमध्ये कधी चाललीच नाही. मजकुराचा अंक करणाऱ्या 'पार्सइंट'ला शेवटच्या रेघा झेपल्या नाहीत, त्याने 'नंबरफॉरमॅटएक्सेप्शन' फेकले, आणि जावाच्या घराण्यात हे एक्सेप्शन 'इललीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन'चेच अपत्य आहे. टेस्टला आई हवी होती, मूल आले, तेही तिला चालले. उद्या कोणी ऋण रकमेची अट खोडून टाकली तरी ही टेस्ट हिरवीच राहील. (जाता जाता: '५००' हे देवनागरी अंक 'पार्सइंट'ला अडत नाहीत. युनिकोडमधल्या बहुतेक लिपींचे दशमान अंक त्याला कळतात. अडली ती रेघ.)

एक्सेप्शनच्या टेस्ट लिहिताना बहुतेक जण इथेच थांबतात. कोणत्या प्रकारचे एक्सेप्शन आले एवढे पाहायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. पण नियम मोडला गेला तेव्हा *तोच* नियम मोडला होता का, हे प्रकारावरून क्वचितच कळते. एकाच प्रकारामागे दहा कारणे असतात. टेस्टने कारण तपासायला हवे आणि ते तपासण्याची सोय आपल्या प्रकल्पाच्या भाषेत एकदाच नीट करून ठेवायला हवी. या सोयीलाच स्वतःचे असर्शन म्हणतात. हे असर्शन कसे लिहायचे, कधी लिहायचे आणि कधी लिहायच्या भानगडीत पडायचे नाही, ते पाहू.

आधी थोडे मागे जाऊ, कारण जुन्या कोडमध्ये या सगळ्या पिढ्या एकत्र नांदताना दिसतात. जेयुनिटची सुरुवात १९९७ सालची. केंट बेक आणि एरिक गामा यांनी झुरिचहून अटलांटाला जाताना विमानात ते लिहायला घेतले. त्या काळची पद्धत अशी होती की 'ट्राय'मध्ये मेथड बोलवायची, तिच्या लगेच खाली 'फेल' लिहायचे आणि 'कॅच'मध्ये एक्सेप्शन तपासायचे. पद्धत वाईट नव्हती, पण तिच्यात एक खड्डा आहे. 'फेल' स्वतःच 'असर्शनएरर' फेकते. 'कॅच'मध्ये 'एक्सेप्शन' लिहिले असेल तर ते त्यात अडकत नाही, कारण ते 'एरर'च्या शाखेतले आहे. कोणी सढळ हाताने 'थ्रोएबल' लिहिले की 'फेल'चा बाण तिथेच गिळला जातो आणि टेस्ट कायम हिरवी राहते. जुना प्रकल्प हाती आला की टेस्टच्या फोल्डरमध्ये 'कॅच थ्रोएबल' शोधून पाहा. दोन-चार तरी मिळतात.

२००६ साली जेयुनिट ४ आले आणि 'टेस्ट' अ‍ॅनोटेशनच्या कंसात 'एक्स्पेक्टेड' लिहिण्याची सोय झाली. एका ओळीत काम होत असल्याने ती लोकांना आवडली. पण ती अख्ख्या मेथडला लागू होते. तयारीच्या पहिल्याच ओळीने तेच एक्सेप्शन फेकले तरी टेस्ट पास. शिवाय आलेले एक्सेप्शन हातात मिळत नाही, त्यामुळे आत डोकावणे शक्य नाही. पुढे आलेल्या 'एक्स्पेक्टेडएक्सेप्शन' रूलने मेसेज आणि कारण पाहण्याची सोय केली, पण अपेक्षा आधी मांडायची आणि कृती नंतर करायची, असा उलटा क्रम त्याच्यामुळे वाचकाच्या माथी बसला. २०१७च्या जेयुनिट ५ मध्ये 'असर्टथ्रोज' आले. २०२०च्या ४.१३ आवृत्तीत तेच जुन्या घरातही आणले गेले आणि त्या रूलला निवृत्त केले.

'असर्टथ्रोज'ला लॅम्ब्डा द्यायचा आणि ते आलेले एक्सेप्शन परत देते. हे परत मिळणे सगळ्यात महत्त्वाचे आहे आणि सगळ्यात दुर्लक्षितही. रिव्ह्यूमध्ये दहापैकी आठ ठिकाणी परतीची किंमत कुठल्या व्हेरिएबलमध्ये घेतलेलीच नसते. चोर पकडला, पण चोरी कोणती हे विचारलेच नाही, अशातला प्रकार.

दोन गोष्टी इथेच पाळा. एक म्हणजे लॅम्ब्डात एकच बोलावणे ठेवा. ऑब्जेक्ट बनवणे, तारीख पार्स करणे, फाइल उघडणे हे सगळे बाहेर. नाहीतर 'एक्स्पेक्टेड'चाच रोग नव्या कपड्यांत परत येतो. दुसरे म्हणजे वारस नको असतील तर 'असर्टथ्रोजएक्झॅक्टली' वापरा, किंवा असर्टजे या असर्शनच्या लायब्ररीत 'इझइन्स्टन्सऑफ'ऐवजी 'इझएक्झॅक्टलीइन्स्टन्सऑफ'. सुरुवातीची '-५००/-' ची टेस्ट एवढ्यानेच लाल झाली असती. तरी हा उपाय अर्धाच. रकमेच्या वरच्या मर्यादेची तपासणीही नेमके तेच एक्सेप्शन फेकत असेल, तर नेमका प्रकार पाहूनही हाती काही लागत नाही.

मग हात मेसेजकडे वळतो. मेसेजमध्ये 'ऋण' हा शब्द आहे का पाहिले की झाले, असे वाटते. थोड्या जागी हे चालते, विशेषतः मेसेज तुमच्याच क्लासचा असेल आणि वापरणाऱ्याला तो जसाच्या तसा दिसणार असेल तेव्हा. एरवी तो निसरडा आधार आहे. जावा १४ ने 'नलपॉइंटरएक्सेप्शन'चे मेसेज मदतीचे केले, म्हणजे कोणते व्हेरिएबल नल होते ते सांगू लागले. ही सोय १४ मध्ये मुद्दाम चालू करावी लागत होती, १५ पासून ती आपसूक चालू झाली. ज्यांच्या टेस्टमध्ये 'मेसेज नल असला पाहिजे' असे लिहिले होते, त्यांच्या टेस्ट जेडीके बदलताच मोडल्या, कोडमध्ये एक अक्षर बदलले नसताना. लोकॅलचाही त्रास आहे. 'स्ट्रिंग.फॉरमॅट'ला लोकॅल दिले नाही तर ते मशीनचे घेते, आणि ज्या लोकॅलचे अंक वेगळे असतात तिथे मेसेजमधले अंकही बदलतात. बीन व्हॅलिडेशनचे तयार मेसेजही लोकॅलप्रमाणे भाषा बदलतात. लॅपटॉपवर हिरवी आणि सर्व्हरवर लाल, या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हेच निघते. त्याहून साधा त्रास म्हणजे कोणीतरी मेसेजमधले शुद्धलेखन सुधारते आणि चाळीस टेस्ट लाल होतात. मग पुढच्या वेळी शुद्धलेखन कोणी सुधारत नाही.

मेसेज माणसासाठी असतो. टेस्टला वाचायला यंत्राला कळेल असे काहीतरी द्या. म्हणजे असर्शन लिहिण्याआधी एक्सेप्शनकडेच पाहावे लागते.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेतो. पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये सभासदाच्या बँक खात्याचा तपशील नोंदवायचा आहे. त्यात आयएफएससी कोड आहे: एकूण ११ अक्षरे, पहिली चार बँकेची, पाचवे कायम शून्य, उरलेली सहा शाखेची. लोक हमखास चुकतात ते पाचव्या जागी. शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' टाकतात, कारण पासबुकाच्या छपाईत दोन्ही सारखेच दिसतात. आपण अशा चुकांसाठी 'तपशीलचूक' नावाचे एक्सेप्शन करू. (क्लासची नावे मी देवनागरीत लिहितो आहे. जावाला त्याचे वावडे नाही. मात्रा-वेलांट्या आणि हलन्तासकट ही अक्षरे आयडेंटिफायरमध्ये चालतात. कामाच्या कोडमध्ये असे करावे का, हा भांडणाचा विषय आहे. टेस्टच्या 'डिस्प्लेनेम'मध्ये मात्र मराठी वाक्य बेलाशक लिहावे, रिपोर्ट वाचणाऱ्याचे भलेच होते.)

'तपशीलचूक'मध्ये तीन फील्ड ठेवा. कारण हा इनम: 'लांबीचूक', 'पाचवेअक्षरशून्यनाही', 'बँकसंकेतअमान्य' वगैरे. रकाना: चूक कोणत्या रकान्यात आहे. आणि दिलेली किंमत. जोशुआ ब्लॉक यांच्या 'इफेक्टिव्ह जावा'त बिघाडाची माहिती एक्सेप्शनच्या मेसेजमध्ये भरा असा सल्ला स्वतंत्र कलम म्हणून दिलेला आहे, आणि तो योग्यच आहे. पण माहिती फक्त मेसेजच्या वाक्यात मिसळून ठेवली की ती परत काढायला स्ट्रिंग फोडावी लागते. ती फील्डमध्ये ठेवा, मेसेज त्यांच्यावरून बनवा. एक जपा: आयएफएससी उघड माहिती आहे, ती मेसेजमध्ये आली तरी चालेल. खाते क्रमांक, पॅन, आधार यांची पूर्ण किंमत मेसेजमध्ये जाऊ देऊ नका, कारण मेसेज शेवटी लॉगमध्ये जातो आणि लॉग कोण कोण वाचते याचा हिशेब कोणाकडेच नसतो.

स्वतःचे असर्शन लिहायला बसलात आणि तपासायला काही सापडेचना, तर दोष असर्शनचा समजू नका. त्या एक्सेप्शनने सांगण्यासारखे काही जवळ ठेवलेलेच नाही, एवढाच त्याचा अर्थ. टेस्टला जे कळत नाही ते एक्सेप्शन पकडून वापरणाऱ्याला योग्य सूचना दाखवणाऱ्या कोडलाही कळणार नाही.

आता असर्शन. पहिली पायरी साध्या स्टॅटिक मेथडची. 'तपशीलचूकयेते' अशी मेथड लिहा. तिला अपेक्षित कारण आणि लॅम्ब्डा द्या. आत ती 'असर्टथ्रोज' बोलवेल, मिळालेल्या एक्सेप्शनचे कारण 'असर्टइक्वल्स'ने पाहील आणि एक्सेप्शन परत देईल, म्हणजे एखाद्या टेस्टला आणखी काही पाहायचे असेल तर वाट मोकळी. पाच ओळींचे काम आहे. निम्म्या प्रकल्पांना याहून जास्त काही लागत नाही, आणि ज्यांना लागत नाही त्यांनी पुढच्या पायरीवर उगाच चढू नये.

ही मेथड लिहिताना 'असर्टट्रू' वापरू नका. कारणांची तुलना करून आलेले 'खरे-खोटे' त्याच्या हाती दिले, तर टेस्ट मोडते तेव्हा कन्सोलवर दिसते 'अपेक्षित: ट्रू, मिळाले: फॉल्स'. यातून बिल्ड मोडला यापलीकडे काही कळत नाही. असर्शनची पारख ते मोडते तेव्हाच होते. पास होणारी सगळी असर्शने सारखीच दिसतात.

तपासण्या वाढल्या, रकाना कधी पाहायचा आणि कधी नाही असे पर्याय आले, की पॅरामीटर वाढत जातात आणि मेथडच्या पाच जुळ्या बहिणी तयार होतात. त्या वेळी साखळीत लिहिता येणारे असर्शन करावे. असर्टजे असेल तर त्याचा 'अ‍ॅबस्ट्रॅक्टथ्रोएबलअसर्ट' हा क्लास एक्स्टेंड करा. पुष्कळ लेखांत 'अ‍ॅबस्ट्रॅक्टअसर्ट' एक्स्टेंड करायला सांगतात. एक्सेप्शनसाठी पहिलाच बरा, कारण मेसेज, मूळ कारण, सप्रेस्ड एक्सेप्शन यांच्या तपासण्या त्यात तयार मिळतात. त्याला दोन टाइप द्यावे लागतात: पहिला तुमचा असर्शनचा क्लास स्वतः, दुसरा तुमचे एक्सेप्शन. पहिला का, असा प्रश्न नवख्याला पडतो. वारशाने आलेल्या मेथड बोलावल्यावर हातात पुन्हा तुमचाच क्लास पडावा, म्हणजे साखळी मध्येच तुटू नये, यासाठी. कन्स्ट्रक्टरमध्ये वरच्या क्लासला मिळालेले एक्सेप्शन आणि स्वतःचा क्लास द्यायचा, बस.

प्रत्येक तपासणीची मेथड एकाच घडणीची असते. सुरुवातीला 'इझनॉटनल', मग तुलना, जुळले नाही तर 'फेलविथमेसेज', शेवटी 'धिस' परत. 'इझनॉटनल' गाळू नका. असर्टजेच्या 'कॅचथ्रोएबल' मेथडने काहीच एक्सेप्शन आले नसेल तर नल मिळते, आणि 'नल नसेल तर तपास' अशी अट लिहिलेले असर्शन त्या वेळी गप्प बसते. एक्सेप्शन आलेच नाही आणि टेस्ट पास, हा या विषयातला सगळ्यात वाईट निकाल. आयत्या 'असर्टदॅटथ्रोनबाय'ने सुरुवात केलीत तर काहीच न आल्यास ते स्वतःच टेस्ट पाडते.

वापरताना ओळ अशी दिसावी:

तपासा(() -> नोंदवही.नोंदव(अर्ज)).कारणआहे(पाचवेअक्षरशून्यनाही).रकानाआहे("आयएफएससी");

आणि मोडल्यावर कन्सोलवर काहीसे असे:

'तपशीलचूक आली, पण कारण वेगळे. अपेक्षित: पाचवेअक्षरशून्यनाही. मिळाले: लांबीचूक. रकाना: आयएफएससी. दिलेली किंमत १२ अक्षरांची, शेवटचे अक्षर मोकळी जागा.'

शेवटचे वाक्य नीट पाहा. कॉपी-पेस्टमध्ये मागे लागलेली मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही. मेसेजने ती मोजून सांगितली तर शोधाशोध वाचते. असे दोन-तीन शब्द कुठे घालायचे हे कोणतीही लायब्ररी ठरवू शकत नाही, कारण तुमच्या रकान्यांत काय काय शिरते हे तुम्हालाच माहीत असते. स्वतःचे असर्शन लिहिण्याचा खरा फायदा इथे आहे. टेस्टची ओळ आखूड होते हा त्या मानाने किरकोळ लाभ.

मेसेज बांधताना तीन तपशील. किंमत फॉरमॅटच्या मजकुरात चिकटवू नका, वेगळा पॅरामीटर म्हणून द्या. वापरणाऱ्याने टाकलेल्या मजकुरात टक्क्याचे चिन्ह असले की फॉरमॅटचा गोंधळ होतो आणि खरा बिघाड त्याच्याआड लपतो. दुसरे, 'फेलविथअ‍ॅक्चुअलएक्स्पेक्टेडअँडमेसेज' अशी लांबलचक नावाची एक मेथड असर्टजेत आहे. ती वापरली की आयडीईमध्ये अपेक्षित आणि मिळालेले शेजारीशेजारी दिसते. तिसरे सगळ्यात महत्त्वाचे: भलतेच एक्सेप्शन आले तर त्याचा स्टॅक ट्रेस फेकून देऊ नका. 'तपशीलचूक हवी होती, नलपॉइंटरएक्सेप्शन आले' एवढेच सांगणारे असर्शन अर्धी बातमी देते. ते कुठल्या ओळीवरून आले, ही उरलेली अर्धी. जावा ७ पासून 'असर्शनएरर'च्या कन्स्ट्रक्टरला मेसेजबरोबर मूळ कारणही देता येते. आलेले एक्सेप्शन तिथे जोडा. 'असर्टथ्रोज' प्रकार जुळला नाही की स्वतःहून हेच करते. घरी लिहिलेल्या असर्शनमध्ये ते राहून जाते आणि मग माणूस डीबगर लावून बसतो.

साखळीच्या असर्शनमध्ये आणखी एक सापळा आहे. असर्टजेमधले 'अ‍ॅज', म्हणजे तपासणीला नाव देणारी मेथड, तपासणीच्या आधी लिहावी लागते. नंतर लिहिली तर तपासणी आधीच मोडून बाहेर पडलेली असते. तसेच 'तपासा(...)' लिहून पुढे काहीच न जोडता अर्धविराम दिला तर कारण कोणीच पाहत नाही. तुमच्या प्रवेशमेथडने निदान 'तपशीलचूक आलीच पाहिजे' एवढे तरी स्वतः पाहावे, म्हणजे विसरभोळ्या ओळीचाही थोडा उपयोग होईल.

असर्टजे नसेल तर? हॅमक्रेस्टमध्ये 'टाइपसेफमॅचर' आणि 'फीचरमॅचर' आहेत, गूगलच्या ट्रूथमध्ये 'सब्जेक्ट' आहे. कल्पना तीच, शब्द वेगळे. केवळ यासाठी प्रकल्पात नवी लायब्ररी आणू नका.

आता जरा अवघड जागा: गुंडाळून आलेली एक्सेप्शन. 'कम्प्लीटेबलफ्यूचर'च्या आत तुमचे एक्सेप्शन आले की 'जॉइन' ते 'कम्प्लीशनएक्सेप्शन'मध्ये गुंडाळून देते आणि 'गेट' 'एक्झिक्यूशनएक्सेप्शन'मध्ये. स्प्रिंग डेटाबेसचे एक्सेप्शन आपल्या 'डेटाअ‍ॅक्सेसएक्सेप्शन'च्या कुटुंबात बदलून देते. वरचे वेष्टन पाहणारी टेस्ट वेष्टन बदलले की मोडते, आत काहीही असले तरी पास होते. म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

यावर माझ्या मते सर्वाधिक उपयोगी पडणारे असर्शन 'एसक्यूएलएक्सेप्शन'साठीचे. सभासद क्रमांक एकमेव असला पाहिजे, ही अट डेटाबेसवर आहे. दुसऱ्यांदा तोच क्रमांक घातला की काय यायला हवे? 'एसक्यूएलएक्सेप्शन' येते हे तपासणे निरर्थक आहे. टेबलाचे नाव चुकले तरी तेच येते, कनेक्शन तुटले तरी तेच. पण त्याच्या पोटात पाच अक्षरांचा 'एसक्यूएलस्टेट' असतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये एकमेवपणाची अट मोडली तर २३५०५, परकीय किल्लीची मोडली तर २३५०३, नल चालत नाही तिथे नल दिले तर २३५०२. एचटू या मेमरीतल्या डेटाबेसमध्येही दुबार किल्लीला २३५०५ च मिळतो. मायएसक्यूएलमध्ये मात्र स्टेट येतो २३००० आणि नेमके कारण कळते ते त्याच्या स्वतःच्या १०६२ या एरर कोडवरून. टेस्ट एचटूवर आणि प्रत्यक्ष काम मायएसक्यूएलवर, अशी विभागणी असलेल्या प्रकल्पात २३५०५ टेस्टमध्ये थेट लिहिले तर टेस्ट हिरवी आणि ग्राहकाकडे बिघाड, असे घडू शकते.

म्हणून 'दुबारनोंद' नावाची एकच तपासणी लिहावी. ती आलेल्या एक्सेप्शनपासून कारणांची साखळी उतरत जाईल, पहिले 'एसक्यूएलएक्सेप्शन' सापडले की त्याचा स्टेट आणि एरर कोड पाहील, आणि कोणत्या डेटाबेसला दुबार नोंद कशी दिसते हे ज्ञान स्वतःजवळ ठेवील. डेटाबेस बदलला तर एकच जागा बदलायची. पहिले दोन अंक २३ असणे म्हणजे कुठलीतरी एकात्मतेची अट मोडली, एवढे सगळीकडे समान आहे. नेमकी अट महत्त्वाची नसेल तर तेवढेच तपासावे. बॅचमध्ये नोंदी घालत असाल तर एक जास्तीची काळजी घ्या. 'बॅचअपडेटएक्सेप्शन'मध्ये खरी चूक कित्येकदा कारणांच्या साखळीत नसून 'गेटनेक्स्टएक्सेप्शन'च्या दुसऱ्या साखळीत असते. तीही उतरावी लागते.

साखळी उतरताना पायऱ्यांना मर्यादा ठेवा. एक्सेप्शन स्वतःलाच स्वतःचे कारण करू शकत नाही, जावा अडवते. पण 'अ'चे कारण 'ब' आणि 'ब'चे कारण 'अ' असे वर्तुळ कोणी केले तर तुमचा लूप थांबणार नाही. वीस पायऱ्यांत काही सापडले नाही तर सापडणार नाही असे धरा. आणि न सापडल्याच्या मेसेजमध्ये वाटेत भेटलेल्या सगळ्या एक्सेप्शनची नावे क्रमाने छापा. बहुतेक वेळा उत्तर त्या यादीतच असते.

असर्शन लिहिले की त्याचीही टेस्ट लिहा. हे ऐकून लोक हसतात, पण असर्शन म्हणजे अट असलेला कोड आहे आणि अटीत '!' विसरायला कोणालाही क्षणभर पुरतो. हात राखून दोनच टेस्ट पुरेत: योग्य कारण दिले तर ते गप्प राहते, चुकीचे दिले तर 'असर्शनएरर' येते आणि मेसेजमध्ये दोन्ही कारणांची नावे असतात. दुसरी टेस्ट पहिलीपेक्षा जास्त मोलाची. वापराच्या टेस्टसाठी उपाय वेगळा. मुख्य कोडमधली ती अट तात्पुरती काढून टाका आणि टेस्ट लाल होते का पाहा. हेच काम पिट हे साधन स्वतःहून करते. बाइटकोडमध्ये बारीक बदल करून कोणती टेस्ट ते पकडते याची यादी देते. सुरुवातीची '-५००/-' ची टेस्ट पिटच्या हाती सापडली असती.

आता कधी लिहू नये. एक्सेप्शन जावाचेच असेल आणि दोन-तीन टेस्टमध्येच येत असेल, तर 'असर्टथ्रोज' आणि खाली एक ओळ पुरे. दोनच ठिकाणी लागणाऱ्या असर्शनसाठी क्लास काढला, तर नव्याने आलेला सहकारी आधी तो क्लास वाचतो, मग टेस्ट वाचतो, आणि मनात तुम्हाला काय म्हणतो ते न विचारलेले बरे. तिसरी जागा दिसली की लिहा. दुसरी गोष्ट, एक्सेप्शननंतरची स्थिती तपासणे असर्शनच्या आत घालू नका. अर्ज नाकारला गेला हे एक्सेप्शन सांगते. खात्याची शिल्लक जशीच्या तशी राहिली का, अर्धवट नोंद तर पडली नाही ना, हे ते सांगत नाही. मेथड फसली तर ऑब्जेक्ट आधीच्या स्थितीत राहावा, याचेही ब्लॉक यांच्या त्याच पुस्तकात कलम आहे. हे तपासणे अत्यंत गरजेचे आहे, पण टेस्टमध्ये उघड, वेगळ्या ओळीत, वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. एक्सेप्शनच्या टेस्टमध्ये ही ओळ जवळजवळ कधीच नसते, आणि पैशांचे बहुतेक घोळ तिथेच सापडतात.

जागेबद्दल थोडक्यात: ही असर्शने टेस्टच्या फोल्डरमध्येच राहू द्या, मुख्य कोडमध्ये नको. एकाहून अधिक मॉड्यूलना लागत असतील तर ग्रेडलमध्ये 'टेस्ट फिक्श्चर्स' आणि मेव्हनमध्ये 'टेस्ट-जार' ही सोय आहे.

जुना जेयुनिट ४चा प्रकल्प ५ वर नेताना हे सगळे एकदम करू नका. 'एक्स्पेक्टेड' असलेल्या टेस्ट यांत्रिकपणे बदलल्या तर अख्खी मेथड लॅम्ब्डात जाऊन बसते, म्हणजे रोग तसाच. पहिल्या फेरीत फक्त तयारीच्या ओळी लॅम्ब्डाच्या बाहेर काढा. एवढ्यानेच काही टेस्ट लाल होतील. त्या इतके दिवस दुसऱ्याच ओळीच्या एक्सेप्शनवर पास होत होत्या. त्या दुरुस्त झाल्या की दुसऱ्या फेरीत, आणि तेही पैसे, परवानगी आणि डेटाबेस यांच्याशी थेट संबंध असलेल्या टेस्टपासून, एक्सेप्शनचे कारण तपासायला घ्या.